बद्द वाजलेला रुपया

‘आपले नाणे प्रक्रियेत आहे.’ एवढंच. मोबाईलवर नाणी तपासणाऱ्या त्या कंपनीचं पान उघडलं आणि पावतीचा नंबर टाकला की हिरव्या पट्टीत हे एक वाक्य यायचं. सकाळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याच्या गेटातून आत शिरताना मी ते बघायचो, दुपारी डबा उघडताना बघायचो, संध्याकाळी घरी नेणाऱ्या मच्छेच्या बसची वाट बघत उभ्याउभ्या बघायचो. प्रक्रिया म्हणजे नेमकं काय चाललंय, कोण करतंय, कुठवर आलंय, काही पत्ता नाही. पाच महिने मी ते वाक्य वाचलं. शेवटी शेवटी तर फोन हातात घेतला की बायको म्हणायची, ‘‘आहे का अजून प्रक्रियेत?’’ आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

राग जास्त यायचं कारण असं की तपासणं हेच माझं पोट आहे. फौंड्रीतून आलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, माल मी तपासतो. पंपाची घरं, मोटारीची झाकणं, असलं काहीबाही. चांगला असेल तर पुढे जातो, वाईट असेल तर त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढतो आणि खडूनं कारण लिहितो. ज्याचा माल नाकारला तो समोर येऊन भांडतो, मी त्याला बोट लावून दाखवतो, की हे बघ, इथं वाळू राहिली, इथं भोक पडलं. तो शिव्या देत जातो, पण संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला असतो. एका रुपयाला पाच महिने कशाला लागतात, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

रुपया आमच्या घरातला. राणीछाप, चांदीचा. माझे पणजोबा निपाणीत तंबाखूचा व्यापार करायचे, त्यांनी पहिल्या सौद्यातला म्हणून तो बाजूला ठेवला. चुकून कुणी खर्चून टाकू नये म्हणून त्याच्या कडेला कानशीनं तीन खाचा मारल्या. तेव्हापासून तो लक्ष्मीपूजनाला पाटावर बसतो. माझे वडील आणि धाकटे काका वेगळे झाले तेव्हा जमिनीची वाटणी झाली, वखारीची झाली, भांड्यांची झाली. रुपयाची करता येईना. मग ठरलं, एक वर्ष निपाणीत काकांकडे आणि एक वर्ष आमच्याकडे. पूजा कुणाकडेही असो, दोन्ही घरं त्या दिवशी एकत्र. वडील गेले तरी ते चालू राहिलं. काकांना आम्ही आप्पा म्हणतो. वडिलांच्या मागं घरात मोठे तेच.

पूजेआधी घरातल्या मोठ्यानं तो रुपया शहाबादी फरशीवर टाकायचा आणि सगळ्यांनी गप्प बसून त्याचा आवाज ऐकायचा, ही आमच्याकडची पद्धत. फटाके उडवणाऱ्या पोरांनासुद्धा तेवढ्यापुरतं आत बोलावून बसवायचे. खणखणीत आवाज आला की आप्पा म्हणायचे, ‘‘बोलली लक्ष्मी,’’ आणि मग निरांजन लागायचं.

सहा वर्षांपूर्वी ती बोलली नाही. निपाणीची पाळी होती. वर्षभर आमच्याकडं असलेला रुपया आईनं पदराच्या गाठीतून काढून आप्पांच्या हातावर ठेवला. काचबिंदूनं आप्पांची नजर तेव्हाच जवळजवळ गेलेली. त्यांनी रुपया टाकला आणि तो बद्द वाजला. लाकडाचं बटण पडावं तसा. त्यांनी तो चाचपून उचलला, पुन्हा टाकला. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा टाकला नाही.

‘‘ह्यो आपला रुपया न्हवं,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘आप्पा, कडंला खाचा बघा की. तिन्ही हैत.’’

‘‘खाचा कोण पण मारंल. कानस कुणाकडं न्हाय? तू तर कारखान्यातलाच हैस, रुपया बी ओतून आणशील.’’ मग आईनं जिकडून रुपया दिला होता तिकडं तोंड वळवून ते म्हणाले, ‘‘वैनी, गेलं वरीसभर रुपया तुमच्याकडं हुता.’’

एवढंच बोलले. चोर म्हणाले नाहीत, विकलास म्हणाले नाहीत. पण घरात वीस-पंचवीस माणसं बसलेली आणि सगळ्यांना कळलं. आईनं रुपया उचलला, पुन्हा पदराला बांधला आणि आम्ही त्याच पावली शेवटची बस धरून परत आलो. तेव्हापासून दर वर्षी दिवाळ्या दोन व्हायला लागल्या, त्यांची त्यांच्याकडं आणि आमची आमच्याकडं. खोटा रुपया मला नको, असा आप्पांचा निरोप आला, म्हणून तो आमच्याच देव्हाऱ्यात राहिला. आईनं निपाणीचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

मी मूर्खासारखा दोन-तीन सराफांकडे तो घेऊन फिरलो. बेळगावातल्या एकानं घासून बघितलं आणि म्हणाला, ‘‘चांदी चांगली आहे. पण रुपया त्या काळचा की नंतर कुणी पूजेसाठी पाडलेला, ते मी कसं सांगू?’’ चांदीचे नकली राणीछाप पूजेला सर्रास मिळतात, हे त्यानं वर ऐकवलं. आणि मी रुपया ओतला म्हणावं तर आमच्या फौंड्रीत बीड ओततात. चांदीचं काम मला येत असतं तर मी मच्छेच्या बसमध्ये लोंबकळत गेलो असतो काय?

हे असंच पडून राहिलं असतं. पण गेल्या वर्षी आप्पांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका माझ्या मोबाईलवर आली, ‘सहकुटुंब सहपरिवार’. मी आईला दाखवली. ती म्हणाली, ‘‘घरात येऊन कुणी कुक्कू लावलंय व्हय? फोनातनं आलेल्या बोलावण्याला फोनातनंच जावा.’’ आणि भाकरी थापायला लागली. पण ती पोर आमच्याकडं वाढली होती. शाळेच्या सुट्टीत महिना-महिना राहायची, आईच्या कुशीत झोपायची. आईनं तिच्यासाठी चार वर्षांपूर्वीच इरकल लुगडं घेऊन ठेवलं होतं, ते मला माहीत होतं.

तेव्हा मी ठरवलं, हा रुपयाचा निकाल लग्नाआधी लावायचा. आमच्या स्टोअरमधल्या एका माणसाला नाण्यांचा नाद आहे. त्यानं सांगितलं, नाणी तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. नाणं खरं की खोटं ते बघतात, किती झिजलंय ते बघून सत्तरपैकी अंक देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून, वर चिठ्ठी लावून परत पाठवतात. परदेशातल्यांचं नाव मोठं, पण शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारची परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नको, आपल्याकडच्याच एका कंपनीला दे, असं तो म्हणाला. दीड-दोन महिन्यांत येतंय म्हणाला. लग्नाला चार महिने होते. मी खूश झालो. आईला म्हटलं, ‘‘कागदच आणतो. मग बघू आप्पा काय बोलतात.’’ ती म्हणाली, ‘‘आण बाबा.’’

आधी सभासद व्हा. सभासद झालो. मग फॉर्म. नाण्याचा प्रकार, टांकसाळ, जात, उपजात. आमच्या घरात रुपयाला रुपया म्हणतात, उपजात कुठली? रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढं जाईना, भरला तर रकाना लाल व्हायचा. अंदाजे काहीतरी टाकलं. मग त्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन, हिंदीत.

‘‘सर, तुम्ही पत्त्यात कर्नाटक लिहिलंय.’’

‘‘हो.’’

‘‘पण भाषा मराठी निवडली आहे.’’

‘‘हो.’’

‘‘मग राज्य बरोबर करू का सर? महाराष्ट्र?’’

आता हिला मी सगळं पहिल्यापासून सांगत बसू काय? ‘‘बाई, राज्य आहे तसंच राहू द्या, आजवर मोठमोठ्यांनी हात टेकलेत,’’ असं म्हणालो. ती ‘ओके सर’ म्हणाली. मला वाटतं तिनं ते कुठंतरी लिहूनही घेतलं असावं.

मग पाठवायचं कसं? कुरियरवाला म्हणाला नाणी, दागिने घेत नाही. दुसरा म्हणाला घेतो, पण आत नाणं आहे असं लिहू नका. मी म्हटलं मग हरवलं तर काय हरवलं म्हणून सांगू, बटण? शेवटी पोस्टातून विमा उतरवून पार्सल. काउंटरवरच्या बाईंनी कानडीत विचारलं, आत काय आहे. मी कानडीत सांगितलं, जुना रुपया. किंमत किती लिहू? आता काय सांगायचं? किंमत कळावी म्हणून तर पाठवत नव्हतो. तो खोटा असेल तर किंमत काहीच नाही आणि खरा असेल तर आमच्या घरात त्याची किंमत सांगता येईल असा आकडा नाही. बाईंनी डोक्याला हात लावला. मागं रांग खोळंबली होती. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, कापडात शिवून, लाखेनं सील करून आणा. म्हणजे ती फेरी फुकट आणि अर्ध्या दिवसाची रजा पण.

घरी येऊन मी रुपया मऊ कापडात गुंडाळला, डबीत घातला, कापड बेतून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिवायचं म्हणून कामावर गेलो. आलो तर आईनं स्वतःच शिवून ठेवलेलं. टाके असे की मशीनवर मारल्यासारखे. मी खूश होऊन लाख लावली आणि पाठवलं.

तीन आठवड्यांनी फोन. तीच मुलगी. ‘‘सर, नाण्याच्या पृष्ठभागावर लाल पदार्थ आहे. आणि काही धान्य चिकटलंय.’’

मला काही समजेना. मग लख्ख समजलं. फोन धरूनच मी आईकडं बघितलं. ‘‘आई, रुपायाला काय लावलंस?’’

‘‘कुक्कू. आन् दोन अक्षता.’’

‘‘कशाला?’’

‘‘लक्ष्मी घराबाहीर जातीया. कोरड्या कपाळानं लावून देऊ व्हय?’’

तिकडं ती मुलगी विचारत होती, ‘‘सर, हे कुठलं रसायन आहे?’’ मी म्हटलं कुंकू. ‘‘ब्रँड कोणता सर?’’ मी म्हटलं सुटं, बाजारातलं. ती म्हणाली, असं नाणं तपासायला घेता येत नाही. तुम्ही घरी पुसायचं पण नाही, पुसलं तर ओरखडे पडतात आणि नाणं बाद होतं. आमचा तज्ज्ञ साफ करेल, पण त्याचा फॉर्म वेगळा, पैसे वेगळे आणि रांगही वेगळी. ‘‘ती रांग किती मोठी आहे?’’ ‘‘सर, प्रक्रियेत आहे असं दिसेल तुम्हाला.’’

फोन ठेवल्यावर मी आईला बोललो. लाज वाटते सांगायला, पण फार बोललो. ‘‘तुझ्यासाठी मी मरमर मरतोय आणि तू हे असलं करून ठेवतीस. सहा वर्षांनी एक मार्ग सापडला, त्यात पण कुंकू घातलंस.’’ ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, ‘‘तुला इचारायला पायजे हुतं.’’ तिनं उलट उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग सुरू झालं ते हिरव्या पट्टीचं प्रकरण. मी फोन करायचो. यंत्रातली बाई सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सतारीसारखं काहीतरी वाजायचं. कारखान्यातल्या घणाच्या आवाजात ती सतार ऐकत मी शेडच्या मागं उभा. मग कुणीतरी उचलायचं. सर, साफसफाई झाली, आता मुख्य रांगेत आहे. सर, एका तपासनिसानं बघितलं, दुसऱ्यानं बघायचं आहे. सर, दोघांचं मत जुळलं नाही, तिसरा बघेल. मी एकदा ओरडलो, ‘‘अहो, लग्न आहे घरात!’’ पलीकडचा पोरगा बिचारा म्हणाला, ‘‘अभिनंदन सर.’’

लग्न झालं. मी आणि बायको गेलो. निपाणीतलं मोठं कार्यालय, भटजी आत, कॅटरर बाहेर. आप्पा कोचावर बसलेले, काळा चष्मा लावून. मी पाया पडलो. हातानं माझं डोकं चाचपून म्हणाले, ‘‘आलास? जेवून जा.’’ आईचं विचारलं नाही. नवरीनं मात्र विचारलं. अक्षता पडल्यावर गर्दीत माझा हात घट्ट धरून म्हणाली, ‘‘मोठी आज्जी न्हाय आली?’’ मी म्हटलं, गुडघे दुखतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. इरकल मी दिलं. घरी आलो तर आई दारातच बसली होती. ‘‘शालू कंच्या रंगाचा हुता?’’ एवढं विचारलं तिनं.

लग्नानंतर पाच आठवड्यांनी खोकं आलं. मी ते सहीसुद्धा नीट न करता घेतलं आणि फोडलं. आत फोम, फोमच्या आत डबी, डबीत आमचा रुपया. वरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत तीन गोष्टी. नाणं अस्सल. कड कानसलेली. चकतीला चीर. आणि जिथं सत्तरपैकी अंक यायला हवा तिथं काहीच नाही.

अंकच नाही! मी लगेच फोन लावला. सतार झाली. मुलगी आली. ‘‘सर, खराब झालेल्या नाण्याला अंक देत नाही.’’ ‘‘खराब कुठं झालंय?’’ ‘‘कडेला कानस मारलेली आहे सर.’’ ‘‘अहो ती आमची खूण आहे! आमच्या पणजोबांनी मारलेली!’’ ‘‘हो सर, त्यालाच नुकसान म्हणतात.’’ मी फोन ठेवला. चार शिव्या घातल्या, कंपनीला, पणजोबांना आणि स्वतःला. दुसऱ्याचा माल नाकारताना मी कधी इतका विचार केला नव्हता, हेही तेव्हा मनात आलं.

मग पुन्हा चिठ्ठी वाचली. चकतीला चीर. डबी दिव्याखाली धरली. काही दिसेना. कामावरचं भिंग आणून बघितलं तेव्हा दिसली, एका खाचेच्या मुळापासून निघालेली, केसाहून बारीक, राणीच्या मानेपर्यंत गेलेली. आमच्या कारखान्यात मोठ्या मालाला आधी हातोडीनं ठोकून बघतात. टण्ण वाजला तर पास. बद्द वाजला तर आत चीर आहे, दिसो अगर न दिसो. हे मी नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो. तीस वर्षं रोज तो आवाज ऐकणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच समोर, माझ्या आईवर आळ येताना तो आवाज मला ओळखता आला नाही. खोटा नव्हता, चिरला होता. कुणी सांगावं, दरवर्षी फरशीवर आपटून आपटून आम्हीच ती चीर वाढवत आणली असेल.

पुढच्या रविवारी आईला घेऊन निपाणीला गेलो. ती येते म्हणाली, याचंच मला आश्चर्य वाटलं. आप्पा घरीच होते, सोप्यात खाटेवर. मी डबी त्यांच्या हातात दिली.

‘‘ह्ये काय? साबणाची वडी?’’

‘‘रुपया हाय आप्पा. आत बंद केलाय. खरा हाय म्हणून कागूद आलाय.’’

त्यांनी डबी उलटीसुलटी केली, अंगठा चारी कडांवर फिरवला. गुळगुळीत प्लास्टिक. मी चिठ्ठी वाचून दाखवली, चिरेचं सांगितलं, हातोडीचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘ज्यांनी लिवलंय त्यांनी आपला रुपया कवा बघितलाता?’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हंजे खरा असंल बाबा. बाजारात खरं रुपय काय कमी हैत? पर आपलाच कशावरनं? ह्यात मला ना खाच लागती, ना आवाज येतोय.’’

मला वाटलं ती डबी उचलून भिंतीवर मारावी. आत आहे तोवर तो खरा आहे, पण आमचा आहे हे कळत नाही. बाहेर काढला की आमचा आहे हे कळेल, पण मग तो खरा आहे असं सांगणारी चिठ्ठी रद्द. कंपनीनं तसं मोठ्या अक्षरात छापलंच होतं. माझे पाच महिने त्या प्लास्टिकमध्ये होते. मी काहीतरी समजावायला लागलो, फोटो आहेत, कंपनीच्या पानावर दिसतं. आंधळ्या माणसाला मी फोटो दाखवत होतो.

‘‘फोड,’’ आई म्हणाली. घरात आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

आप्पा म्हणाले, ‘‘फोड. पर माझ्या हातातनं सोडू नगो.’’ त्यांनी डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि मी घरातली पक्कड घेऊन एकेक कोपरा मोडत गेलो. ते प्लास्टिक सहज मोडत नाही. मोडतं तेव्हा काडकन मोडतं. शेवटी झाकण निघालं आणि रुपया त्यांच्या तळहातावर पडला. त्यांचा अंगठा कडेवरून फिरला. थांबला. पुढं गेला. थांबला. आणखी पुढं गेला आणि तिथंच राहिला.

मग त्यांनी तो खाली फरशीवर टाकला. बद्द वाजला. त्यांनी तो उचलला आणि मुठीत घेतला.

‘‘आपलाच हाय,’’ ते म्हणाले. मग ते जरा मोठ्यानं म्हणाले, ‘‘आरं च्या टाका कुणीतरी. वैनी, बसा की. वर बसा.’’

आई उभीच होती. ‘‘रुपयाचा कागूद आणला भावजी, पोरानं पाच म्हैनं घालवून,’’ ती म्हणाली. ‘‘चाळीस वर्सं ह्या घराच्या भाकऱ्या थापल्या म्या. माझा कागूद कुठनं आणू?’’

आप्पांनी काळा चष्मा काढला, पुन्हा लावला. आई म्हणाली, ‘‘औंदाची दिवाळी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. रुपया बी ऱ्हाऊ दे हितंच.’’ आणि ती चपला घालून बाहेर पडली. चहा झाला नाही. मी प्लास्टिकचे तुकडे गोळा करून खिशात कोंबले आणि तिच्या मागं धावलो.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी बोलतच होतो. कंपनीवर, त्या मुलीवर, अंक न देणाऱ्यांवर, आप्पांवर, रस्त्याच्या कामावर, खड्ड्यांवर. संकेश्वर गेलं तरी माझं चालूच. पाच महिने घातले आणि हातात काय, प्लास्टिकचा चुरा. ज्या लग्नासाठी केलं ते लग्न हुकलं. आणि एवढं होऊनही त्या माणसाच्या तोंडून चुकलो हा एक शब्द निघाला नाही.

‘‘बास कर की रं,’’ आई म्हणाली.

‘‘कसं बास करू? तुझ्यासाठी एवढा जीव काढला.’’

ती खिडकीबाहेर बघत होती. ‘‘माझ्यासाठी कशाला? त्यो खरा हाय, आपलाच हाय, मला म्हाईत हुतं. सहा वर्सं म्हाईत हुतं.’’ हत्तरगीच्या अलीकडं बस थांबली, माणसं चढली-उतरली, पुन्हा निघाली. तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘तुला न्हवतं म्हाईत.’’

रुपया बद्द वाजला त्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आई पाणी आणायला गेली असताना मी तिची ट्रंक उघडली होती. लुगड्यांच्या घड्यांमध्ये हात घालून, तळापर्यंत, खरा रुपया शोधला होता आणि सगळं होतं तसं लावून ठेवलं होतं. तिला ते कळलं नाही, असं मी सहा वर्षं समजत होतो.